जुमाचं सिम मलकापुरात

विश्रामबागेत कॉलेजच्या फाटकासमोर उभं राहून 'फॉरिन नियाज कुठं बसतो' असं विचारलंत, तर चहावाला, झेरॉक्सवाला आणि तिथं उगाच उभा असलेला एखादा, असे तिघं एकदम बोट दाखवतील. आता हा गडी फॉरिनला कधी गेला म्हणाल, तर कधीच नाही! नियाज मणेर बेचाळीस वर्षांत बेळगावच्या पलीकडं गेलेला नाही. पण टांझानिया म्हणा, येमेन म्हणा, सुदान म्हणा, कुठलंही पोरगं सांगलीत शिकायला उतरलं, की बॅग खोलीवर टाकून पहिलं येणार ते नियाजच्या दुकानात, सिमकार्ड घ्यायला.

आजा बांगड्या विकायचा. बाप माधवनगरात गिरणीतल्या माणसांची घड्याळं दुरुस्त करायचा. नियाजनं बापाचा चिमटा उचलला आणि घड्याळाच्या जागी मोबाईल उघडले, एवढाच काय तो फरक. दुकान दहा बाय आठ, मागं घर, घरात आई मेहरुनबी. काचेच्या कपाटात परदेशी पोरांची वेगळी फाईल. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र, राहत्या जागेचा कागद, हे चारी जुळल्याशिवाय नियाज सिमला हात लावत नसे.

"हे बघ," तो प्रत्येक नव्या पोराला हातवारे करून सांगायचा, "तुझं सिम म्हणजे नुसतं सिम नाही. व्हिसाला बांधलंय ते. हे कुठं कुठं फिरतंय याची यादी पोलिसांच्या परदेशी कक्षात जाते. तू मिरजेला पिक्चर बघायला गेलास तरी तिथं ठिपका उमटतो. तेव्हा हे कुणाला द्यायचं नाही, हरवायचं नाही. आणि माझ्याकडं दुरुस्तीला आलं तर डोळे मिटून झोप. बावीस वर्षांत माझ्या हातून एक सिम इकडचं तिकडं झालेलं नाही!"

हे शेवटचं वाक्य तो फार आवडीनं म्हणायचा. तेच अंगाशी आलं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला दुकानासमोर पोलिसांची गाडी थांबली आणि परदेशी कक्षाच्या फौजदार संयोगिता मोहिते आत आल्या. त्यांनी खुर्चीही घेतली नाही.

"मणेर, टांझानियाच्या जुमा बकारीचा फोन तुमच्याकडं आहे?"

"आहे की मॅडम! मंगळवारी दिला. डिस्प्ले फुटलाय, पुण्याहून यायचाय." नियाजनं रुबाबात खण उघडला. त्याची पद्धत ठरलेली होती. फोन दुरुस्तीला आला की सिम काढायचं, त्याच फोनच्या पाठीवर चिकटपट्टीनं चिकटवायचं आणि पट्टीवर बॉलपेननं नाव लिहायचं. ज्याचं फोनवाचून अडतं त्याला मात्र सिमसकट एक जुना बटणांचा फोन वापरायला द्यायचा. जुमाला फोन नकोच होता. शुक्रवारी शेवटचा पेपर, म्हणून पोरगं तीन दिवस खोलीत कोंडून घेऊन अभ्यास करत होतं. "हे बघा, फोन. हे बघा, सिम. हे बघा, नाव!"

मॅडमनी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायला लावलं आणि स्वतःच्या मोबाईलवर रिंग द्यायला सांगितलं. रिंग आली. त्यांनी स्क्रीन नियाजपुढं धरला.

नंबर जुमाचा नव्हताच!

"जुमाचं सिम मंगळवारी कराडात होतं," मॅडम म्हणाल्या. "बुधवारी सातारा, वाई. आज सकाळपासून कराडजवळच्या मलकापुरात. आणि जुमा मात्र इथं सांगलीत, माझ्या ऑफिसात बसलाय. म्हणजे सिम दुसरा कुणीतरी वापरतोय. नऊ वाजता मी स्वतः त्या नंबरवर फोन केला. काय ऐकायला मिळालं, वाचून दाखवू?"

त्यांनी डायरी उघडली आणि कोऱ्या चेहऱ्यानं शब्दन् शब्द वाचला. "'कोण? पोलीस? आरं जा की लेका! बाईचा आवाज काढून गंडवतुयास व्हय मला? आमच्या दाजीला असंच लुबाडलंसा. आता ओटीपी माग, मग सांगतो तुला लय शानपणा!' एवढं बोलून फोन बंद. तो अजून बंदच आहे. मणेर, टांझानियाचा पोरगा असा बोलतो?"

नियाजला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ही बोली त्यानं मंगळवारी याच काउंटरवर ऐकली होती. बिरदेव! बेदाण्याच्या पेट्या घेऊन साताऱ्याकडं जाणारा पिकअपवाला. त्याचा फोन हौदात पडला होता. दोन्ही सिमं एकाच कंपनीची, पेपरमिंटच्या डब्याच्या एकाच झाकणात शेजारी शेजारी ठेवलेली. आणि नियाज त्या वेळी काय करत होता? जुमाला ऐकवत होता, बावीस वर्षांत एक सिम इकडचं तिकडं झालेलं नाही म्हणून! बोलता बोलता जुमाचं सिम बटणांच्या फोनमध्ये घालून बिरदेवला दिलं आणि बिरदेवचं सिम जुमाच्या फोनच्या पाठीला चिकटवलं. वर झोकात नावसुद्धा लिहिलं.

"मॅडम, चूक माझी आहे," नियाजनं घडलं तसं सगळं सांगून टाकलं.

"गोष्ट चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मला गोष्ट वर पाठवता येत नाही. परदेशी माणसानं स्वतःचं सिम दुसऱ्याला वापरायला दिलं, असं आज कागदावर दिसतंय. त्याच्या व्हिसाच्या वाढीची फाईल माझ्याच टेबलावर आहे. पाच वाजता अहवाल जाणार. त्याआधी ते सिम आणि तो माणूस माझ्यासमोर आणा. पाचनंतर ते माझ्या हातात राहत नाही. पोराला उद्या पेपरलासुद्धा बसता येईल की नाही, मला सांगता येणार नाही."

गाडी निघून गेली. मागच्या दारात मेहरुनबी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जुमा रोज तिच्या हातचं जेवायचा आणि तिला बीबी म्हणायचा. त्यांच्याकडं आजीला बीबी म्हणतात, हे कळल्यापासून ती त्याला भात जरा जास्तच वाढायची.

"बघत काय बसलायस?" ती कडाडली. "चार वर्षं पोरगं आईला सोडून राहिलंय इथं. तुझ्या तोंडाच्या टकळीनं त्याचं वाटोळं झालं, तर घरात पाय ठेवू नकोस!"

पण जायचं कुठं? मलकापूर काय लहान आहे? बिरदेवचा फोन बंद. नियाजनं डोकं धरलं आणि एकदम ताडकन् उठला. बिरदेवचं खरं सिम तर इथंच, त्याच्या हातात होतं! त्यानं ते आपल्या फोनमध्ये घातलं आणि वाट बघत बसला. पाच मिनिटं नाही झाली, फोन कोकलायला लागला.

"बिरद्या!" हा पिकअपचा मालक होता. "दोन दिवस फोन बंद ठेवतोस, लाज वाटती का?" बिरदेव कुठं असेल ते त्याला माहीत असतं, तर तो कशाला ओरडला असता! नियाजनं माफी मागून फोन ठेवला. तेवढ्यात दुसरा वाजला.

"कुठं मेला हुता दोन दिस?" ही बिरदेवची कारभारीण. नियाजनं कसंबसं तिला थांबवलं, आपण कोण ते सांगितलं, मलकापुरात तो कुठं असेल ते विचारलं. मग ती म्हणाली, "आवं, मलकापुरात व्हय? मंग बहिणीकडंच गेलाय त्यो. साताऱ्यास्नं येताना तिकडं भाकरी खाऊन झोप काढल्याबिगर ह्येची गाडी हालत न्हाई. पाण्याच्या टाकीच्या मागं, निळं दार."

नियाजनं आईच्या हातातलं पाणी उभ्या उभ्या प्यायलं आणि गाडीला किक मारली.

काय सांगू तो प्रवास! इस्लामपूर ओलांडलं तेव्हा बारा वाजून गेले होते. हायवेला लागला, तर रस्त्याचं काम चाललेलं. एक लेन बंद, पुढं उसाचे ट्रॅक्टर, मागं एसटीचा भोंगा. नियाज आयुष्यात चाळीसच्या वर गाडी हाकत नसे. आज काटा सत्तरच्या पुढं थरथरत होता आणि हा मोठमोठ्यानं बोलत होता, "पोचतो रे जुमा, पोचतो!" शेजारच्या टेम्पोतला माणूस बघायला लागला. बघू दे. भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बावीस वर्षं काउंटरमागं बसलेल्या त्या माणसाला अंगात वारं शिरल्यासारखंही वाटत होतं.

पाण्याच्या टाकीमागं निळं दार सापडलं तेव्हा अडीच वाजले होते. दारात पिकअप होती. आणि ओसरीत उशाला हात घेऊन बिरदेव घोरत होता.

"आवं नियाजभाई! तुमी हितं कसं?" तो डोळे चोळत उठला आणि हसला. "ह्यो तुमचा डबडा फोन मलाच इकत द्या बघा. दोन दिस झालं, मालकाचा फोन न्हाई, बायकूचा न्हाई. लय निवांत! एकच आला सकाळी, त्यो बी फ्रॉडवाला. आसा झापला त्याला!"

"ती फौजदारीणबाई होती, गड्या."

बिरदेवचा हसरा चेहरा जागच्या जागी पडला. "म्हंजी खरी?"

"खरी. चल माझ्याबरोबर."

"मी न्हाई येत! पोलिसात? मला आत टाकतील. तुमीच सांगा जाऊन, बिरदेव घावला न्हाई म्हणून." तो उठून पार आत, बहिणीच्या चुलीपाशी जाऊन उभा राहिला.

नियाज त्याच्या मागं गेला. तो चिडलेला होता, पण आवाज आपोआप खाली आला. "बिरदेवा, तू काय केलं नाहीस. त्या पोरानंही काय केलं नाही. केलंय ते मी. सगळं माझ्या अंगावर घेतो, लिहून देतो. पण तुला समोर बघितल्याशिवाय त्या विश्वास ठेवायच्या नाहीत. तुझा पोरगा परमुलखात असता आणि कुणाच्या तरी हलगर्जीपणानं अडकला असता, तर?"

बहिणीनं त्याच्या हातात चपला दिल्या. "जा की रं," ती एवढंच म्हणाली. पिकअप तिच्या दारात ठेवून दोघं दुचाकीवर बसले. मागं बसून बिरदेव सारा रस्ता ओरडत होता, "हळू! हळू की वो! पोलिसाआधी तुमीच माराय लागलाय मला!" पेठ नाक्याला चार वाजायला आले. तुंग गावाच्या अलीकडं पेट्रोल संपत आलं, ते भरायला सात मिनिटं गेली. ती सात मिनिटं नियाजला सात तासांएवढी वाटली.

कक्षाच्या दारात शिरले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाचला आठ कमी होती. बाकावर जुमा बसला होता, मांडीवर पुस्तक उघडं, पण पान उलटत नव्हता. नियाजला बघून तो उठून उभा राहिला.

मॅडमनी बटणांचा फोन घेतला, त्यातल्या सिमवरून स्वतःच्या मोबाईलवर रिंग दिली. नंबर जुमाचा. मग त्यांनी बिरदेवकडं बघितलं. "तू बोल."

"काय बोलू बाईसाब?" बिरदेव हात जोडून म्हणाला. "मी आपलं म्हटलं... बाईचा आवाज काढून कोन तरी गंडवतंय... लय चुकलं माझं."

"हाच!" मॅडमनी टेबलावर थाप मारली. हवालदार तोंड फिरवून हसायला लागले. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद नियाजपुढं सरकवला. "मणेर, हे लिहून दिलंत की पोरगा सुटला. पण सिम विकायचा तुमचा परवाना बंद होणार. कधी उघडेल सांगता येत नाही. कळतंय ना?"

नियाजला कळत होतं. परदेशी पोरांची ती फाईल, ते नाव, तो रुबाब, सगळं त्या कागदावर चाललं होतं. त्यानं एकदा जुमाकडं बघितलं आणि पेन उचललं. 'चूक माझी आहे, जुमा बकारी याची नाही,' हे पहिलंच वाक्य त्यानं लिहिलं आणि खाली सही ठोकली. पाचला दोन मिनिटं कमी असताना मॅडमनी अहवाल बदलला.

शुक्रवारी सकाळी नियाजनं दुकानावरची सिमची पाटी स्वतः उतरवली. जीव तुटला, पण उतरवली. अकराला मेहरुनबीनं मटण-डाळीचा दालचा चढवला. दीड वाजता पेपर संपवून, खिशात तो बटणांचा फोन आणि त्यात स्वतःचं सिम घेऊन जुमा आला तो थेट मागच्या घरात जाऊन पानावर बसला आणि उठायचं नावच घेईना. जेवण, मग चहा, मग पुन्हा थोडा भात. चार वाजता नियाजचा फोन वाजला. संयोगिता मॅडम!

"मणेर, जुमाचा ठिपका अडीच तास तुमच्या दुकानावरून हललेला नाही. सिम पुन्हा काढून कुठं चिकटवलंत काय?"

"नाही नाही मॅडम! पोरगा जेवतोय. आई उठू देत नाही."

मॅडमचा आवाज जरा नरमला. "पेपर कसा गेला त्याला?"

नियाजनं फोन जुमाच्या तोंडाशी धरला. चार वर्षं मेहरुनबीच्या हातचं खाल्लेला तो पोरगा भरल्या तोंडानं म्हणाला, "लय भारी गेला, मॅडम!"

"मणेर," मॅडमचा आवाज एकदम कडक झाला, "हे कोण बोललं? बिरदेव?"

"नाही मॅडम," नियाज म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "हा खरा जुमा."

फोनमधून मॅडमचं हसू ऐकू आलं, आणि मेहरुनबीनं जुमाच्या ताटात आणखी एक पळी दालचा वाढला.