मालबाबूचं सोंग

माझे सासरे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते आणि फार स्पष्ट बोलायचे. मी गोंदियाच्या मालधक्क्यावरची कारकुनी सोडली हे कळल्यावर ते आमच्या क्वार्टरात आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जवाईबापू, मी पोरगी नोकरीले देली होती. तुमाले नाही." यात खोटं काही नव्हतं. लग्न ठरवताना त्यांनी पगार, पास आणि क्वार्टर यांची चौकशी केली होती. माझ्या स्वभावाची केली नव्हती, आणि केली असती तरी मला काही सांगता आलं नसतं.

नोकरी सोडणाऱ्या माणसाला आधी काहीतरी साक्षात्कार होतो अशी लोकांची समजूत असते. मला झाला नाही. तांदळाची पोती आणि तेंदूपत्त्याचे गठ्ठे धक्क्यावर यायचे, मी पावत्या फाडायचो, वॅगन निघून जायची आणि मी तिथंच बसलेला असायचो. माझी काही तक्रार नव्हती. मग एका उन्हाळ्यात कोणीतरी आजारी पडलं म्हणून मला अर्जुनीकडच्या एका लहान स्टेशनावर तिकिटं द्यायला बसवलं. तिथं एका शेतकऱ्यानं तिकीट घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "बाबू, याच्यावर काय लिवलं हाये?" मी वाचून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि सरळ हमालाकडे जाऊन त्यालाही तेच विचारलं. ज्याला वाचता येत नाही त्याला दोघांना विचारावंच लागतं, त्यामुळे त्याची चूक नव्हती. पण हमालालाही वाचता येत नव्हतं. त्यानं तिकीट उजेडात धरून मान डोलावली, आणि तो माणूस निर्धास्तपणे गाडीत बसला.

ही गोष्ट डोक्यातून गेली नाही, एवढंच. वर्षभरानं मी राजीनामा दिला. हेडक्लार्कनी विचारलं, "दूसरी नौकरी कहाँ लगी?" मी म्हटलं, "कहीं नहीं." त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. बायकोला मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भांडे बांधाले पोते आणा."

ज्या गावात मी शाळा काढायला गेलो ते अर्जुनी मोरगावच्या स्टेशनापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर होतं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. जुन्या मालगुजाराचा एक गोठा रिकामा पडला होता, तो त्यांनी शाळेला दिला. शाळा होती, मास्तर होता, फळा होता. पोरांचं मात्र हंगामावर होतं. धानाची रोवणी आली की ती चिखलात, मोहाची फुलं गळू लागली की जंगलात, आणि मधल्या दिवसांत गुरांमागे. कोणीच आलं नाही तरी मी वेळेवर गोठा उघडायचो आणि वेळेवर बंद करायचो. रेल्वेची सवय, दुसरं काय.

गावाला शाळेपेक्षा एका प्रश्नाची जास्त ओढ होती, आणि तो प्रश्न म्हणजे बाबूनं नोकरी काऊन सोडली. कोणी म्हणे तांदळाची वॅगन विकून खाल्ली. कोणी म्हणे साहेबाच्या कानाखाली वाजवली. एका म्हातारीला पक्कं ठाऊक होतं की माझ्या हातून एक अख्खी मालगाडी हरवली. खरं कारण मी प्रत्येकाला सांगितलं होतं. लोक ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पुढचं कारण शोधायचे. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. वॅगन पचवणारा माणूस निदान हुशार तरी असणार, म्हणून उलट मानच मिळायचा.

सासऱ्यांनी मुदत घालून दिली होती. "दिवाळीच्या मंडईले येतो. शाळा चालत असंल तं राहा. नसंल तं पोरगी माह्यासंगं येईल." बायको हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला भीती वाटली ती या गप्प बसण्याची. ती गेली तर मला अडवता येणार नव्हतं, आणि तिच्याशिवाय मी त्या गावात राहिलो असतो असं मला आजही वाटत नाही.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात आणि दुपारी मोकळ्या जागेत दंडार होते. म्हणजे गावातलेच पुरुष ढोलाच्या तालावर नाचतात, सोंगं काढतात, बायकांची कामंही तेच करतात. सासरे आले. त्यांच्यासाठी लिंबाखाली बाज टाकली.

"शाळेत पोरं किती?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"हंगामावर आहे."

"आज किती होते?"

"आज मंडई आहे."

 तेवढ्यात रिंगणात एक सोंग आलं. काळा कोट, हातात हिरवं फडकं. कोट माझा होता. राजाचं सोंग आहे असं सांगून शेजारच्या शेतकऱ्यानं तो आदल्या दिवशी बायकोकडून मागून नेला होता. आता तो स्वतःच कोट घालून कडेला बांधलेल्या बैलांना हिरवं फडकं दाखवत होता, आणि मी चालतो तसा, पोटावर हात बांधून, चालत होता. मागून लुगडं नेसलेला एक गडी आला. ती माझी बायको.

"बाबू, नवकरी कायले सोडली जी?" ती बायको विचारायची. दर वेळी बाबू वेगळं सांगायचा. वॅगन खाल्ली. साहेबाले हाणलं. मालगाडी हरवली, पाहून राहिलो कुठं गेली ते. लोक हसून हसून लोळत होते. मीही थोडा हसलो, कारण सासरे माझ्याकडे पाहत होते. शेवटी बायकोनं पाय धरले, "खरं सांगा जी!" बाबू थांबला, ढोल थांबला, आणि अगदी माझ्या आवाजात तो म्हणाला, "तुमच्या पोराईले शिकवाले."

त्या दुपारचा सगळ्यात मोठा हशा याला पिकला.

पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं खरं की मी उठून रिंगणात गेलो आणि ओरडू लागलो. यात हसायला काय झालं? तुमचा दगडावर विश्वास आहे, बाबावर आहे, त्या हमालावर आहे, माझ्यावर का नाही? नका पाठवू पोरं! मी रिकाम्या गोठ्यात बसेन, पण इथून हलणार नाही! ढोलवाल्याला वाटलं हेही सोंगातलंच. माझं एकेक वाक्य संपलं की तो एक ठोका द्यायचा. ठोक्यामुळे मी आणखी चिडायचो. शेवटी कोणीतरी खूश होऊन माझ्यापुढं आणा टाकला.

या दंडारीनं शाळेत एकही पोर वाढलं नाही, हे सांगून टाकतो. वाढली ती हळूहळू, पुढच्या काही वर्षांत, आणि का वाढली ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी तोंड धूत होतो. पुढच्या ओसरीत सासरे पिशवी बांधत असल्याचं ऐकू आलं. मग त्यांचा आवाज आला. "चल. काल सबने देखा. गाव हासून राहिलं नवऱ्यावर. कायले राहतं इथं?"

 माझ्या हातातलं पाणी गळून गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "गोंदियाले हे घरी येत, जेवत, आन् भितीकडं तोंड करून झोपत. काही बोलत नव्हते. एकदा मी भाजीत मुद्दाम मीठ नाही टाकलं. म्हटलं, ओरडतील तरी. गुमान खाल्लं. दुसऱ्या दिवशी बी नाही टाकलं. तरी गुमान." ती म्हणाली, "काल पाह्यलं ना कसे भांडून राहिले होते? साऱ्या गावासंगं. माह्या लगनाले इतके वर्स झाले, हा माणूस मले या गावातच दिसला. आता कायले जाऊ?"

सासरे म्हणाले, "तुह्यावर बी ओरडते का?"

"ओरडते."

"मंग तू?"

"मी बी ओरडतो."

मी तसाच ओल्या तोंडानं उभा होतो. तिनं ती भाजी केली होती हे मला आठवतच नव्हतं. इतकी वर्षं ती एका घरात एकटी राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. मला रडू आलं आणि मी परत तोंड धुतलं.

सासऱ्यांना गाडीत बसवायला आम्ही दोघंही गेलो. बैल जुंपले गेले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जवाईबापू, भाजीत मीठ नसलं तं सांगत जा."

मला हो म्हणायचं होतं. पण मी नुसती मान हलवली.