धुतलेली पोर

कुफ्तू जन्मली तेव्हा सुईण गलानेआत्याने तिला एका तळहातावर तोललं आणि दारात येऊन ओरडली, "बघा गं, कशी धुऊन काढल्यासारखी पोर आहे!" अंगावर पांढऱ्या लेपाचा ठिपका नाही. मग काय, अख्ख्या गावाने आईचं कौतुक केलं. बाईने शेवटचे चार महिने दुधाला तोंड लावलं नव्हतं, आणि तेही अकरा गाई असलेल्या घरात! या अर्सी डोंगरातल्या बायकांचं पक्कं मत असं, की आईने प्यायलेलं दूध थेट पोराच्या अंगाला जाऊन चिकटतं. लेप दिसला, की आई खादाड ठरली. शिवाय खाल्लं की पोर फुगतं आणि बाळंतपणात अडतं.

धुतलेली पोर पाच वर्षांची झाली तरी तीनची दिसे. लग्नात सासू म्हणाली, "अर्धी नवरी पाठवली, उरलेली कधी येणार?" सगळे हसले, कुफ्तूही हसली. ‘धुतलेली पोर’ या नावाचा तिला अभिमानच होता. पण चाळिशीत रक्तदाब आला, चव्वेचाळीसला साखर, आणि यंदा पायांवर अशी सूज, की बोट दाबलं तर खड्डा तसाच राही. अंगावर मूठभर मांस नाही, आणि रोग मात्र शहरातल्या ढेरपोट्या शेठजींचा!

आरोग्य केंद्रातल्या तोलासा नर्सने जन्माची हकीकत खोदून खोदून विचारली आणि कपाळाला हात लावला. "मावशी, पोटात उपाशी राहिलेलं पोर मेंदूला आधी पुरवतं आणि मूत्रपिंडाला, साखर सांभाळणाऱ्या ग्रंथीला कमी देतं. मग जन्मभर तेवढ्यावरच भागवायचं. सगळ्यांचं असं होत नाही, पण पुष्कळांचं होतं. आणि तो लेप दुधाचा नाही हो, पोराच्या कातडीचं स्वतःचं मलम आहे ते."

कुफ्तूने पायावर बोट दाबून तो खड्डा पुन्हा पाहिला. सेहेचाळीस वर्षं लोकांनी आपली उपासमार आरतीसारखी ओवाळली, आणि आपण मान डोलावत बसलो! स्वतःचं नावच तिला शिळ्या उलटीसारखं वाटायला लागलं.

घरी लेक रदिया सात महिन्यांची गरोदर, गाल बसलेले. शेजारी ऐंशी वर्षांची गलानेआत्या पोट चाचपत होती.

"छान लहान आहे! आजीवर गेलंय. हेही धुतलेलंच निघणार."

"आत्या, हात काढ," कुफ्तू म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"हात काढ म्हणाले. एक पोर नासवलीस ती पुरे झाली."

"मी तुला जगात आणली गं, नासकीऽ!"

"आणलीस, पण अर्धीच! उरलेली कुठे ठेवलीस ते सांग."

म्हातारी काठी आपटत, शिव्या मोजत निघून गेली. अर्सी घरात वडीलधारीला असं कुणी घालवत नाही.  कुफ्तूने दुधाचा तुंबा लेकीपुढे धरला. रदियाने वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि चुलीच्या राखेत ओकली.

"नको गं आई. पोराच्या तोंडावर ते पांढरं बसलेलं दिसतं मला."

म्हणजे दुधाची किळस आता लेकीच्याही आतड्यात बसली होती. नर्सचं सांगणं ऐकूनही रदिया भिंतीला टेकली. "आणि मोठं होऊन अडलं तर? शेजारची हलिमा तशीच गेली ना!"

 कुफ्तू तिच्याजवळ बसली. "दिवस भरायच्या तीन आठवडे आधी केंद्राजवळच्या बाळंतिणींच्या खोलीत राहायला जाऊ. मी येते. अडलंच तर तिथून गाडी मोठ्या इस्पितळात नेते. पण अडेल म्हणून आतापासून उपाशी मारायचं नाही."

दूध तिने गपचूप वासराला पाजलं. चार अंडी लोण्यात परतली, वर तिखट घातलं, जवाची भाकरी पुढे ठेवली. रदिया आधी कोपऱ्याकोपऱ्याने खात होती, मग दोन्ही हातांनी. ताट पुसून तिने दाराकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून.

"आई, अजून आहे?"

"चार कोंबड्या आहेत," कुफ्तू म्हणाली आणि सुजल्या पायांनी खुराड्याकडे निघाली.