हार्ड डिस्कची खंडेनवमी

आधीच सांगून टाकतो, हा गाढवपणा माझा स्वतःचा आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर आतापर्यंत पन्नास वेळा मीठमसाला लावून सांगितला असता. माझाच म्हणून इतकी वर्षं गिळून बसलो होतो. आता निवृत्त झालोय, मला कुणी कामावरून काढू शकत नाही, तेव्हा ऐका. आणि तो चहा घ्या आधी, गार होतोय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी राहायला कर्जतला, भिसेगावात, आणि नोकरीला खालापूरजवळच्या एका कागदाच्या कारखान्यात. स्टोअरमध्ये कारकून. एके दिवशी मुंबईहून टेंपोत बसून कॉम्प्युटर आला. तो शिकायला तीन आठवडे मुंबईला कुणाला पाठवायचं? ज्याच्या जाण्यानं कारखान्याचं काहीच अडणार नाही त्याला! मला पाठवलं. परत आलो तो 'कॉम्प्युटरवाले टिपणीस' होऊनच.

काय तो थाट! अख्ख्या कारखान्यात एसी फक्त माझ्या खोलीला. चपला बाहेर काढल्याशिवाय आत यायचं नाही. मॅनेजर पाटणकरसाहेबसुद्धा मोज्यांवर यायचे आणि त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला मी रोज बघायचो.

आमच्याकडे केमिस्ट होत्या सुमनताई ओक. भाताच्या पेंढ्यापासून कागद करायचा, हे त्यांचं वेड. शेलूपासून लोधिवलीपर्यंत गावोगावचा पेंढा आणायचा, शिजवायचा, लगदा किती निघाला, कागद किती ताण सोसतो, सगळं लिहून ठेवायचं. शेलूचा पेंढा शहाण्यासारखा शिजतो, लोधिवलीचा हट्टी आहे, असं त्या माणसांबद्दल बोलावं तसं पेंढ्याबद्दल बोलायच्या. दोन वर्षांच्या अशा चाचण्या त्यांच्या वह्यांत होत्या.

मी म्हटलं, "ताई, वह्या कसल्या सांभाळताय? कॉम्प्युटरमध्ये भरू. हा कधी विसरत नाही."

"आणि बिघडला तर?"

"बिघडेल कसा? मी आहे ना!"

सगळ्या चाचण्या मी भरल्या. आणि जागा अडते म्हणून वह्यांचं काय केलं असेल? अहो, कागदाचा कारखाना! जुन्या कागदाबरोबर दिल्या लगद्याच्या हौदात सोडून. ताईंना विचारून दिल्या बरं का, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून घ्या. त्या बिचाऱ्या माझ्या भरवशावर हो म्हणाल्या.

प्रत काढून ठेवायला फ्लॉप्या आल्या होत्या, त्यांचे दोन डबे. ते मी कपाटात कुलूप लावून ठेवले होते. वापरल्या तर खराब होतील ना!

तर त्या वर्षी दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी मुंबईचे मोठे साहेब येणार होते. पेंढ्याचा विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, ते ताईंच्या चाचण्या बघून ठरणार होतं. बंद झाला की ताईंची दोन वर्षं गेली आणि पेंढा घालणाऱ्या गावांचं गिऱ्हाईकही गेलं.

आली खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा. बॉयलरला हार, कटरला हार, वजनकाट्याला गंध, फाटकावरच्या सायकलीलासुद्धा झेंडू. माझ्या कॉम्प्युटरची पूजा मीच करणार होतो. सोवळं नेसायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आता खरं सांगू? पूजा हे निमित्त. गेलं वर्षभर माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की ताईंच्या एवढ्या वह्या आत राहतात कुठे? शिकवताना सांगितलं होतं की हार्ड डिस्क म्हणून एक डबी असते, त्यात सगळं असतं. पण त्या डबीत काय असतं? कुणीच दाखवलं नव्हतं.

मी मनाला समजावलं. बॉयलरची पूजा करताना आपण दार उघडून करतो. मग इथे नुसत्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग? यंत्राचा खरा जीव जिथे आहे तिथे लावायला हवं!

काढला पत्रा. काढली डबी. तिच्यावर इंग्रजीत चिठ्ठी होती, हे उघडू नये. वाचली मी. अशा चिठ्ठ्या अडाणी लोकांसाठी असतात, असं म्हणून स्क्रू फिरवले.

अहाहा! आत दोन तबकड्या, एकीवर एक. अशा लख्ख की माझं नाक मला इतकं स्पष्ट घरच्या आरशातही दिसलं नव्हतं. ह्यात शेलूचा पेंढा? ह्यात लोधिवली? कुठेच काही लिहिलेलं दिसेना! मी वाकून बघितलं, तिरका होऊन बघितलं, ताईंच्या प्रयोगशाळेतलं भिंग आणून बघितलं. वेडाच झालो होतो.

मग भक्तिभावानं हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. दारात लोधिवलीचे धर्माकाका उभे होते, हळव्या, म्हणजे लवकर कापणीला येणाऱ्या भाताचा नवा पेंढा नमुन्याला घेऊन आलेले. त्यांनीही लांबून हात जोडले. डबी बंद केली, त्यांच्या हातावर पेढा ठेवला, झालं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर बटण दाबलं. आतून आवाज आला. खर्रर्र... कट कट... खर्रर्र. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली, तिचा अर्थ एवढाच की डिस्क बंद आहे.

 देवाची शपथ, पहिली दोन मिनिटं माझ्या डोक्यात पूजा आलीच नाही. तिसऱ्या मिनिटाला आली आणि मग काही जाईना.

ताई धावत आल्या. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टिपणीस, माझ्या चाचण्या?"

"आतच आहेत, ताई. फक्त बाहेर येत नाहीत."

मुंबईला नाडकर्णी म्हणून एक गृहस्थ होते, बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे. तेव्हा असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांना ट्रंककॉल लावला. तिकडून पहिला प्रश्न, "डबी कुणी उघडली होती का?"

पाटणकरसाहेब शेजारी उभे. मी म्हटलं, "छे! कुणाची हिंमत आहे?"

तिथेच चुकलो. खरं बोलून एक शिवी खाल्ली असती तर पुढचं सगळं वाचलं असतं.

"मग हादरे बसले असतील," नाडकर्णी म्हणाले. "जवळ मोठं यंत्र आहे का?"

"आहे ना! पेंढा कापायचं कटर आहे!" मी बुडत्यासारखा त्या कटरला धरला.

"धूळ?"

"पेंढ्याचीच! नुसता भुसा उडतो हो!"

फोन ठेवला आणि बघतो तर पाटणकरसाहेबांचा चेहरा लाल. "म्हणजे पेंढ्यानं माझा कॉम्प्युटर खाल्ला! ओकबाई, मोठ्या साहेबांची वाट कशाला बघायची? आजपासूनच तो विभाग बंद!"

कटर बंद झालं. खालापूरच्या रस्त्यावर पेंढ्याच्या गाड्या उभ्या. शेतकरी फाटकावर येऊन विचारतायत आणि वॉचमन सांगतोय, "पेंढा कॉम्प्युटरला बाधला." मी खोलीचं दार लावून बसलोय.  ताई मात्र भिंग घेऊन कटरपासून माझ्या खोलीपर्यंत जमीन तपासत होत्या, भुसा आत शिरला कुठून म्हणून! एसीच्या खोलीत त्यांना भुशाची एक काडी मिळेना. "विचित्र आहे, टिपणीस," त्या म्हणायच्या. मी म्हणायचो, "फारच विचित्र, ताई!"

दोन दिवसांनी नाडकर्णी आले. किडकिडीत, हातात पांढरे मोजे. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "तुमच्याकडे गरम पाण्याचं न्हाणीघर आहे?"

पाटणकरसाहेब म्हणाले, "प्रवासानं दमलात का?"

"नाही हो, डिस्क उघडायची आहे. वाफ सोडली की हवेतली धूळ खाली बसते. तेवढी स्वच्छ जागा तुमच्या आख्ख्या तालुक्यात मिळायची नाही."

गेस्टहाऊसच्या न्हाणीघरात बंब पेटवला, वाफ धरू दिली. मग नाडकर्णी स्टुलावर बसले. दारात ताई, मागे साहेब, त्यांच्या मागे मी, लपता येईल तेवढा लपून. स्क्रू निघाले. नाडकर्णी वाकून आत बघू लागले.

"तुमच्याकडचा भुसा लाल असतो?"

"लाल?" ताई पुढे झाल्या. "नाही. सोनेरी असतो."

"हा बघा. लाल, थोडा पिवळा. आणि हा..." त्यांनी चिमट्यानं एक पांढरा दाणा उचलला. "हा तांदूळ आहे का हो?"

"भाताचा मुलूख आहे," मी मागून म्हटलं. "वाऱ्यानं येतो."

स्क्रू लावलेल्या डबीत! ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी नाडकर्णींच्या हातमोज्यांकडे बघू लागलो. त्यांनी ती लाल पूड कागदावर घेतली आणि तडक प्रयोगशाळेत गेल्या. आम्ही सगळे मागे. एक थेंब आम्ल टाकलं. लाल पूड पिवळी झाली. पेंढा शिजवायच्या कॉस्टिक सोड्याचा एक थेंब टाकला. पुन्हा लाल! ताईंचे डोळे असे चमकले, काय सांगू. विभाग बंद पडला होता, दोन वर्षं पाण्यात गेली होती आणि ही बाई रंग बदलतोय म्हणून खूश!

"हळद आहे ही," त्या म्हणाल्या. "चुना घातलेली हळद. म्हणजे कुंकू. पण डिस्कमध्ये कुंकू आलं कुठून?"

आणि तेवढ्यात, माझं नशीब बघा, धर्माकाका आले! गाड्या का अडवल्या विचारायला.

"सायेब, पेंढ्याचा काय दोष हाय? आमी काय वाईट घातला?"

"कॉम्प्युटरच्या पोटात कचरा गेलाय, काका," साहेब म्हणाले.

"कचरा? नाय सायेब, कचरा कसा जाईल?" धर्माकाकांनी कौतुकानं माझ्याकडे हात केला. "ह्या टिपनीस सायबांनी खंडेनवमीला पार पोटात हात घालून पूजा केली! आमी डोल्यांनी बघितली. हलद, कुकू, तांदूल, काय कमी नाय केलं. लई भक्ती हाय त्यांची!"

 नाडकर्णींनी हातातले मोजे काढले, त्यांची नीट घडी केली आणि मला म्हणाले, "नारळ फोडला नाहीत ना आत?"

पाटणकरसाहेब मग जे बोलले ते चहाच्या वेळी सांगण्यासारखं नाही. कटर लगेच सुरू झालं, गाड्या आत आल्या. मला मात्र ताईंकडे बघवेना. खरंच लाज वाटली हो. हसत सांगतोय आज, पण त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

नाडकर्णींनी तबकड्या स्पिरिटनं पुसल्या, डिस्क मुंबईला नेली आणि मोठे साहेब यायच्या आदल्या दिवशी कागदांचा गठ्ठा घेऊन हजर झाले.

"दोन तबकड्यांच्या मिळून चार बाजू," त्यांनी समजावलं. "माहिती चारही बाजूंवर थोडी थोडी वाटून लिहिली जाते. तीन बाजू वाचल्या. पूजा झालेली बाजू खरवडून गेली."

म्हणजे ताईंच्या चाचण्यांचे तीन भाग हजर, चौथा गायब. पुन्हा तीन हजर, चौथा गायब. ताईंनी गठ्ठ्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "पुष्कळ आहे हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं काहीच उरलं नाही."

मीही सुटकेचा श्वास सोडला. फार लवकर सोडला.

"आणि पुसून टाकलेलंही काही निघालं," नाडकर्णी म्हणाले. "आपण पुसतो तेव्हा यादीतलं नाव तेवढं जातं, मजकूर तिथेच राहतो. एक छोटं पत्र होतं. लहान असल्यामुळे सगळं एकाच चांगल्या बाजूवर मावलं होतं. अक्षर न अक्षर मिळालं!"

पत्र कुठलं ते मला लगेच कळलं. उन्हाळ्यात मी पुण्याच्या एका कंपनीला नोकरीचा अर्ज टाइप केला होता. धाडला आणि लगेच पुसला. उत्तर काही आलं नव्हतं.

पाटणकरसाहेबांनी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं, मराठी करून वाचायला सुरुवात केली. "मी कॉम्प्युटरचा तज्ज्ञ आहे. माझ्या हातून आजवर काहीही हरवलेलं नाही."

नाडकर्णी खोकले.

"आमच्या मॅनेजरांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही." इथे साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "पेंढ्याच्या कागदाचे प्रयोग मीच करतो. माझ्या हाताखाली ओक नावाच्या एक बाई मदतनीस आहेत. सांगितलेलं काम बऱ्यापैकी करतात."

जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ताई काय म्हणतील? त्यांनी कागद घेतला, स्वतः पुन्हा वाचला आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. तासभर आकडे बघितले, दोनदा ताईंचा पेंढ्याचा कागद हातात ताणून बघितला. मग म्हणाले, "काम चांगलं आहे. पण मध्ये मध्ये ही भोकं कसली?"

 ताईंनी एकदाच माझ्याकडे बघितलं.

"त्या चाचण्या परत करायच्या आहेत, सर. गावोगाव जाऊन पेंढा आणायचा, शिजवायचा आणि या वेळी सगळं वहीत लिहायचं. महिनाभरात भरून देते."

"एकट्या?"

"नाही, सर. माझ्या हाताखाली टिपणीस नावाचे एक मदतनीस आहेत. सांगितलेलं काम बऱ्यापैकी करतात."

विभाग वाचला. महिनाभर मी सायकलच्या कॅरियरवर पेंढा बांधून शेलू ते लोधिवली हिंडलो आणि उकळत्या कॉस्टिकसमोर उभं राहून ताई सांगतील ते वहीत लिहिलं. उभ्या आयुष्यात नोकरीसाठी मी तो एकच अर्ज केला. पुण्याच्या कंपनीनं त्याला साधी पोचही दिली नाही. खालापुरात मात्र जागा लगेच मिळाली, अर्जात मी ताईंना दिली होती तीच, मदतनिसाची.