गेलडाचं घराणं

अड्याळच्या श्रावण पाळबांध्याशी गावातलं कोणी उगाच बोलायला जात नसे. धानाच्या बांधीतलं पाणी असो की लग्नातली पंगत, त्याला कुठं ना कुठं आपला अपमान दिसायचाच, आणि एकदा दिसला की तो विसरायचा नाही. साठी उलटली तरी खोड गेली नव्हती. त्याची बायको रुखमिणी म्हणायची, या माणसाच्या पोटात भात नाही, निखारे शिजतात. पण मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुमसरला जे झालं, त्यात खोट त्याची नव्हती.

भाऊकीतला यादोराव पाळबांधे तुमसरच्या बाजारात धानाची अडत करायचा. पैसा आला, तीन मजली घर झालं, मग त्याला घराणंही हवंसं वाटू लागलं. नागपूरच्या कुणा जाणकाराला गाठून त्यानं कुळाची वंशावळ काढवली. जाणकारानं सांगितलं, तुमचा मूळ पुरुष सरदार होता, त्यानं किल्ल्याचा तट बांधला, म्हणून आडनाव पाळबांधे. वर एक कुलचिन्हही काढून दिलं. दोन तलवारी, मधे सिंह, डोक्यावर सूर्य. आडनावातली पाळ तलावाची आहे आणि आपल्या पूर्वजांनी टोपल्यांनी माती वाहून ती बांधली, हे अड्याळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तलवारी दिसल्यावर माती कोणाला आठवते? यादोरावनं फाटकावर सिंह बसवला आणि मंगल कार्यालयात साऱ्या पाळबांध्यांचं संमेलन भरवलं.

श्रावणला बोलावणं आलं नाही. नजरचुकीनं राहिलं असेल, असं रुखमिणीनं समजावलं, आणि दोघं धुतलेले कपडे घालून न बोलावता गेले. भिंतभर फ्लेक्स लावला होता. त्यावर झाड, फांद्याफांद्यांवर नावं. श्रावण चष्मा पुसून आपल्या आज्याचं, महागूचं नाव शोधू लागला. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. महागू नव्हता, श्रावणचा बाप नव्हता, श्रावण स्वतःही नव्हता.

त्यानं यादोरावला विचारलं. यादोराव आधी हळू बोलला, बाजूला या म्हणाला. श्रावण बाजूला जाईना, तेव्हा त्यानं आवाज चढवला.

"तुमचा आजा गेलड होता. मायच्या कडेवर बसून आला. पाळबांध्याचं रगत नाही तुमच्यात. मंग नाव कायले लिहाचं?"

दुसरा घरोबा करणारी बाई पहिल्या नवऱ्याचं लेकरू सोबत आणते, त्याला झाडीपट्टीत गेलड म्हणतात. प्रेमानं कोणी म्हणत नाही. मंडपातली माणसं जेवता जेवता थांबली. श्रावणनं फ्लेक्सची कड धरून असा हिसडा दिला, की बांबूच्या चौकटीसकट झाड वरणानं भरलेल्या गंजावर आलं. यादोरावच्या पोरांनी त्याला दंडाला धरून फरफटत फाटकाबाहेर काढलं. मागून रुखमिणी त्याच्या चपला हातात घेऊन आली.

हे खोटं ठरवायचंच, या जिद्दीनं तो पवनीला गेला. तिथं चंद्रभागाबाई होती, यादोरावच्या बापाची बहीण, नव्वदीला टेकलेली. श्रावणही तिला आत्याच म्हणायचा. ती खोटं म्हणेल अशी त्याची खात्री होती. म्हातारीनं तंबाखू दाढेखाली सारली आणि सरळ सांगून टाकलं.

"खरं हाय थे. तुयी पणजी आनंदाबाई महागूले घेऊनच आली. खेडीच्या खेडीकरायचं पोरगं थे. मंग अड्याळले तिले माया बाप झाला. माया बाप आन् तुया आजा एकाच मायच्या पोटचे."

म्हणजे यादोरावही त्याच बाईच्या वंशातला. श्रावण तिच्या पाया पडला आणि म्हणाला, हेच यादोरावच्या तोंडावर सांग. म्हातारीनं पाय ओढून घेतले. यादो मला औषधं पाठवतो, त्याच्याशी वाकडं घेऊन मी मरायच्या आधी मरू का, असं तिनं विचारलं. आनंदाबाईचं नाव कुणाच्याच झाडावर नाही, तूही कटकट करू नको, एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

तेव्हा निदान जिथलं रक्त तिथं तरी जावं, असं त्याच्या मनानं घेतलं. खेडी गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली होती, खेडीकर पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायला आले होते. सुखराम खेडीकर त्याच्याच वयाचा. श्रावणनं त्याच्या ओट्यावर बसून सारं सांगितलं. सुखराम ऐकता ऐकता उभा राहिला. त्याची बायको कुंताबाई पाण्याचा गडवा घेऊन दारापर्यंत आली होती, ती तशीच आत परतली.

"जमीन बुडाली तवा कोनी आलं नाही," सुखराम म्हणाला. "मोबदल्याचं आयकलं आन् नवे भाऊ निंगून राहिले. आमच्यात महागू नावाचं पोरगं लहानपनीच मेलं. तुमी जा."

मला तुझा पैसा नको, असं श्रावण ओरडून सांगत राहिला. आतून कडी लागली.

माघात त्याच्या मुलाचं, मनीषचं लग्न निघालं. मुलगी रेणू, तुमसरची. तिचे मामा बाबुलाल भाताची गिरणी चालवायचे आणि यादोरावशी त्यांचा रोजचा व्यवहार. लग्नाआधी यादोरावचा निरोप आला, की कळंब हे पाळबांध्यांचं देवक आहे, गेलडांनी ते मांडवात लावू नये. श्रावण कुऱ्हाड घेऊन तुमसरला निघाला होता. रुखमिणीनं ती काढून घेतली, बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरच्या मोहाची फांदी तोडून आणली आणि देवकाच्या जागी बांधली. देवक असं मनानं ठरवता येत नाही, म्हणून तो चिडला.

"पयल्यांदा कोनीतरी तोडलीच असन ना फांदी," ती म्हणाली, आणि हळद वाटायला बसली.

लग्नाच्या दिवशी अड्याळात मांडव भरला. अक्षता पडायच्या थोडं आधी बाबुलाल आले, आणि त्यांच्या सोबत फेटा बांधून, हसत हसत, यादोराव. गिऱ्हाइकाच्या घरचं कार्य, दिसलंच पाहिजे. रुखमिणीनं डोळ्यांनी खुणावलं, येऊ द्या. श्रावण मांडवाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

"तुमी मामा, तुमी या," तो बाबुलालना म्हणाला. "हा कोन? माया भाऊकीतला नाही हा. यानंच सांगतलं."

यादोरावचं हसू मावळलं. आजच्या दिवशी तरी गोड बोला, असं बाबुलालनी दोनदा विनवलं. श्रावण हलला नाही. माझ्यासोबत आलेल्या माणसाला दारातून परत पाठवता, म्हणजे मलाच पाठवता, असं म्हणून बाबुलालही वळले. भाचीचं लग्न न लावता, न जेवता गाडीत बसले. त्यांच्या मागे मुलीकडची निम्मी माणसं उठली. अक्षता पडल्या तेव्हा रेणू रडत होती, आणि ते माहेर सुटण्याचं रडणं नव्हतं.

रुखमिणी पावसाळा लागेपर्यंत नवऱ्याशी बोलली नाही. मनीषनं चूल वेगळी करायची भाषा काढली आहे. आपण चुकलो असं श्रावणला वाटत नाही, यादोराव उद्या आला तर उद्याही परत जाईल, असं तो कट्ट्यावर बसून सांगतो. सासऱ्याला म्हणायचं ते मामाजी सून अजून त्याला म्हणालेली नाही. ताट त्याच्यापुढं आदळते आणि आत निघून जाते. पाणी ठेवत नाही. तोही मागत नाही.