उलटे मामा आणि आखूड पडलेला दोर

दोर वळणाऱ्या माणसाला उलटं चालावं लागतं. कमरेला तागाचा पुंजका गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, चाकापाशी बसलेल्यानं चाक फिरवायचं, आणि आपण बोटांतून ताग सोडत सोडत मागे सरकत जायचं. जितकं मागे जाल तितकं सूत लांब. हा धंदा ज्यानं जन्मभर केला, त्याला अख्खी गल्ली उलटे मामा म्हणणार नाही तर काय म्हणणार?

मामांना ती सवयच लागली होती. रस्त्यात कोणी भेटलं की त्याच्या पुढे व्हायचं, त्याच्याकडे तोंड करायचं आणि गप्पा मारत उलटं चालायचं. तेही अशा झपाट्यानं, की सरळ चालणाऱ्याला धाप लागावी. "माणसाशी बोलायचं तर त्याचं तोंड दिसायला नको?" असा त्यांचा सवाल. कुठे धडकले म्हणाल तर कधीच नाही. "पाठीला डोळे आहेत ह्यांच्या," मामी म्हणायच्या, "पुढचे दोन तेवढे काही कामाचे नाहीत." मामी म्हणजे त्यांची बायको. चाक त्याच फिरवायच्या आणि मामांनाही.

त्यांना एकच मुलगी. तिनं शिकून मास्तरीण व्हायचं ठरवलं. परीक्षेचा अभ्यास करता करता एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, एक गंमत सांगू? तुम्ही दिवसभर चाकापासून शेडच्या टोकापर्यंत आणि टोकापासून चाकापर्यंत चालता. सगळं अंतर मोजलं तर केवढं तरी भरेल. पण संध्याकाळी उभे कुठे? सकाळी होतात तिथेच! म्हणजे विस्थापन शून्य."

"विस्थापन म्हणजे काय गं?"

"निघालात कुठून आणि पोचलात कुठे, तेवढंच सरळ रेषेत मोजायचं. मध्ये किती पायपीट केली ते विचारायचं नाही."

मामी खुदकन हसल्या. मामा हसले नाहीत. "म्हणजे जन्मभर तंगडतोड करून मी शून्य?"

"अहो, तुम्ही नाही बाबा, विस्थापन..."

पण ते शून्य मामांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. पुढे तिला नदीपलीकडच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मामा मात्र दारात उभं राहून म्हणाले, "जा. तुझं तरी होऊ दे विस्थापन. आणि परत येऊ नकोस, नाहीतर तुझंही शून्य व्हायचं!" काय बोलून गेलो ते त्यांना लगेच कळलं. पण बोललेलं मागे घेतील तर ते मामा कसले? पोरीनं पिशवी उचलली, डोळे पुसले आणि ती नावेत जाऊन बसली.

ही नाव वल्ह्यांची नव्हती. दोन्ही काठांवरच्या खांबांना एक जाड दोर ताणलेला, त्यावर कप्पी, आणि कप्पीला बांधलेली नाव दोराच्या आधारानं सरळ पलीकडे जायची. पोरगी गेली आणि थोड्याच दिवसांत तो जुनाट दोर तुटला. नाव बंद; एवढ्या प्रवाहात नुसत्या वल्ह्यांवर माणसं नेणं धोक्याचं. "मामा, जीभ काळी आहे हो तुमची," म्हणून लोकांनी त्यांना भंडावून सोडलं. मामी तर ताट असं आदळायच्या की भिंतीवरचं घड्याळ हलायचं.

खरी पंचाईत पुढेच होती. घरालगतच्या शेडच्या दारात उभं राहिलं की पलीकडची शाळा दिसायची, दोरीवर वाळत घातलेले तिचे कपडे ओळखू यायचे. लेक हाकेच्या अंतरावर. पण जायचं तर लांबच्या पुलावरून, दोन बसगाड्या बदलून, अख्खा दिवस मोडायचा. मामी एकदा जाऊन आल्या आणि कमरेला शेक घेत बसल्या. "बस सुसाट पळते हो," त्या शेजारणीला सांगत होत्या, "पण आधी पळते ती लेकीपासून लांबच! नुसतं सुसाट जाऊन काय करायचंय, दिशा नको?" आता पुन्हा तेवढा प्रवास करणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. दोर झाला तरच मायलेकींची भेट होणार, हे घरात दोघांनाही ठाऊक होतं. मामांना तर जास्तच.

नावाडी नव्या दोराचं काम आणि लांबीचं माप घेऊन आला. दोर सलग हवा, गाठ आली की कप्पी अडकते. "सांधलेला दोर माझ्या हातून कधी गेला नाही आणि जाणारही नाही," मामा म्हणाले. मग कोणी विचारलेलं नसताना म्हणाले, "आणि हे मी नाव चालावी म्हणून करतोय. कोणाला भेटायचंय म्हणून नाही."

एवढा लांब दोर शेडमध्ये मावणार कसा? मामांनी काठावरचा सरळ रस्ता धरला. दांडीला लावलेलं मोजायचं चाक घेऊन सकाळीच निघाले. चाक जमिनीवरून फिरायचं आणि त्याच्यावरचा काटा पुढे सरकायचा. काटा हव्या त्या आकड्यावर आला तिथे मामांनी खुंटी ठोकली. मग दोर वळायचं चाक इकडे, खुंटी तिकडे, आणि मध्ये मामा उलटे. मामींनी चाक फिरवून फिरवून हाताला फोड आणले, पण चाक थांबू दिलं नाही. शेवटी पीळ भरायला अर्धी गल्ली धावून आली. दोर असा देखणा झाला की बघत राहावं.

दोर टाकायचा दिवस आला तेव्हा दोन्ही काठ माणसांनी भरले. नावाडी एकटाच वल्ही मारत, प्रवाहाशी झुंजत दोराचं टोक पलीकडे घेऊन गेला. तिकडून माणसांनी ओढलं. ओढलं, ताणलं, आणि दोर थांबला. खांब राहिला चार हात लांब.

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. "मापात चूक? माझ्या? शक्यच नाही! मोजायच्या चाकावर आकडा बरोबर होता!"

पलीकडून मास्तरणीचा वर्गातला आवाज आला. "बाबा! मोजायला निघालात तेव्हा मी शाळेच्या खिडकीत होते! तुमच्या काठावर शाळेसमोर आलात, पुढे गेलात, परत मागे आलात! फाटक वाजलं की मागे, पोरं बाहेर आली की मागे! तेव्हा चाक जमिनीवरच होतं ना?"

मामा पायानं चिखल उकरू लागले.

"चाकाला पुढे-मागे कळत नाही, बाबा! त्यानं तुमची सगळी पायपीट मोजली! खुंटी मात्र पोचलात तिथेच ठोकलीत!"

आता सगळ्या काठाला उमगलं. पहिल्यांदा नावाडी हसला, मग एकेक करून सगळे. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याजवळ गेल्या. "अहो, कोणाला भेटायचंय म्हणून नाही, असं म्हणत होतात ना? मग इतक्या वेळा मागे कोणाला बघायला गेलात?"

"दिसलीच नाही," मामा पुटपुटले. "खिडकीकडे बघायचं सुचलंच नाही मला."

त्यांनी पदराआड नाक ओढणाऱ्या बायकोकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि तिथेच चिखलात बसकण मारली. दोर परत ओढायला लावला. टोकाचे पेड सोडवले, शेडमधून आणलेल्या तुकड्याचे पेड त्यांत एकाआड एक गुंफले. गाठ नाही, फुगवटा नाही, पण सांधा तो सांधाच. हे काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. "कप्पी अडकली तर मला सांगा," एवढंच म्हणाले.

कप्पी अडकली नाही. सांध्यावर जराशी कुरकुरली आणि पुढे गेली. पहिल्या फेरीत लेक आली. आईच्या गळ्यात पडली, मग बाबांसमोर उभी राहिली. मामांनी तिची पिशवी घेतली, तिच्या पुढे झाले, तिच्याकडे तोंड केलं आणि उलटे चालायला लागले. गल्लीनं वाट करून दिली.

"बाबा, पुढे बघा, पडाल!"

"तूच सांग काय आहे ते. मला बघू दे जरा."

अशी ती वरात शेडपर्यंत आली. मामांची टाच उंबऱ्याला लागली आणि ते थांबले. "रागाच्या भरात काहीतरी बोलून गेलो होतो गं," ते म्हणाले.

लेकीनं उंबरा ओलांडला, चपला नेहमीच्या कोपऱ्यात काढल्या आणि चाकापाशी जाऊन बसली. "बरोबरच बोलला होतात," ती म्हणाली. "झालं बघा माझं शून्य. घरी परत आलं की शून्यच होतं, बाबा."