उभ्यानं घातलेलं इरलं

"सरळ उभी राहा. अशी वाकून काय? डिग्निटी दिसली पाहिजे," सर माइकवरून म्हणाले आणि पाणी सोडायला सांगितलं.

लोणावळ्यातलं रिसॉर्ट. पर्यटक गाणी लावून नाचतात, तो खोट्या पावसाचा चौथरा. वर नळ्या. खाली मी, पाठीवर इरलं. समोर खुर्च्यांवर पाहुणे. खेड्यापाड्यातल्या कल्पनांना धंद्यासाठी मदत द्यायची, असा रिसॉर्टच्या मालकांचा, म्हणजे सरांचा, कार्यक्रम होता.

इरलं म्हणजे भातलावणीत पाठीवर घ्यायचं बांबूचं, पानांनी शाकारलेलं छप्पर. डोक्यावर टेकतं, मागं कमरेखाली जातं. बाई वाकलेली, पाऊस पाठीवर, दोन्ही हात चिखलात मोकळे. पण सगळा भार मानेवर. लावणी उरकली तरी आईची मान कितीतरी दिवस वळायची नाही.

मी बी.कॉम. झाले. वाडीतली पहिली. कॉलेजच्या सॅकचे पट्टे कापून मी इरल्याला लावले, भार खांद्यांवर घेतला. पानांच्या जागी हॉटेलांनी फेकलेलं जाहिरातीचं फ्लेक्स ताणून बसवलं. आईनं ते घालून दिवसभर लावणी केली आणि संध्याकाळी मान वळवून मला हाक मारली. शेजारणी म्हणाल्या, "आमालाबी करून दे की."

वाडीतल्या बायकांनी मिळून इरली करायची, आजूबाजूच्या गावांत विकायची. त्यासाठी जाड शिवणारं मशीन हवं होतं. ते मागायला मी आईला घेऊन तिथं गेले होते.

उभ्या माणसाला इरलं झाकत नाही. पुढून ते उघडंच असतं. मला माहीत होतं. "सर, हे वाकून वापरायचं असतं." एवढंच बोलायचं होतं. नाही बोलले. मागच्या रांगेतून आई म्हणाली, "वाक गं पोरी, वाक." ते ऐकलं. तरी ताठ उभी राहिले.

पाणी आलं. तोंडावर, छातीवर. चांगला म्हणून घातलेला ड्रेस अंगाला चिकटला. मोबाइल वर झाले. कुणीतरी म्हणालं, "हे लोक रेनकोट का नाही घालत?"

हशा.

सरही हसले. "कॉन्सेप्ट क्यूट आहे, पण लीक होतंय. आम्ही असं करू, कॉटेजच्या भिंतींवर लावायला थोडी घेऊ. लोकल टच येईल. तुम्ही फक्त छान रंगवून द्या."

मी दोन्ही हातांनी छाती झाकली. आई उठून आली. तिनं पदर माझ्यापुढं धरला. लोकांनी त्याचाही फोटो काढला.

सरांनी चिक्कीचा खोका पुढं केला. "घे. आता जरा हसून बघ इकडे."

"न्हाई," मी म्हणाले. कॉलेजात गिळून टाकलेली बोली आपोआप वर आली. "फोटो न्हाई. चिक्की न्हाई. भितीवर टांगायला इरलं तर न्हाईच न्हाई."

"अगं, चिडतेस काय? सपोर्टच करतोय ना आम्ही."

"मंग आदी इचारायचं व्हतं, कसं वापरत्यात."

इरलं काखेत मारून आम्ही निघालो. वाटेत आई म्हणाली, "तुला ठावं व्हतं ना? मंग वाकली का न्हाईस?"

"लाज वाटली."

"कशाची? मी करते त्या कामाची?"

लोक हसले, ते विसरेन. आईचा हा प्रश्न नाही विसरणार.

मशीन मिळालं नाही. आम्ही दाभणानं शिवतोय. बोटं सोलतात, काम हळू होतं. पण येत्या लावणीला इरली आमच्या औंढे गावच्या खाचरांत उतरणार. ज्याला तपासायची असतील त्यानं तिथं यावं. पँट गुडघ्यावर घ्यावी, इरलं घालावं आणि वाकावं. खाचर संपेपर्यंत वर उठू नये. मग बोलावं.

खुर्चीतून दिलेला निकाल आम्ही घेणार नाही.