रजेचं खरं कारण

जैतून गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीला, आमच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रॅक्टिकल परीक्षेचे गुण भरत होते. ट्रंककॉल होता. पलीकडून तिचा नवरा हमीद बोलत होता, आणि लाइन खरखरत असल्यामुळे बिचाऱ्याला ओरडून बोलावं लागत होतं. "शालूताई, जैतून गेली. सकाळी, दवाखान्यात." मग म्हणाला, "तुमी या. पण घाई करू नका, सावकाश एसटी बघून या." बायको गेलेल्या माणसाला माझ्या प्रवासाची काळजी होती. मी कोल्हापुरात पोचले तोवर मयत नेली होती. मंगळवार पेठेतल्या तिच्या घरात बायका दाटीनं बसल्या होत्या. जैतूनच्या अम्मीनं मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि म्हणाली, "तुझी वाट बघितली गं पोरी, मग नेली." जैतूनचं हृदयाचं दुखणं जुनं होतं, पण पन्नाशीही न गाठता ती निघून जाईल असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. आज काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तर डोळ्यांपुढं दवाखान्यातली जैतून येतच नाही. येते ती रसायनशास्त्र विभागाच्या व्हरांड्यातली, पायात चपला फटकारत चालणारी, दणदणीत आवाजाची, पोटुशी जैतून.

आम्ही दोघी एकाच वेळी पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या. विद्यापीठ तेव्हा नवं होतं. माळावर दगडी इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि लावलेली झाडं जेमतेम कमरेला लागायची. संशोधन करणाऱ्या मुली आमच्या विभागात आम्ही दोघीच. मी भिडस्त, वकिलाच्या घरातली. ती पेठेतल्या अत्तरवाल्याची थोरली लेक. जैतून आत्तार. तिचे अब्बा अत्तरं, सुरमा, उदबत्त्या विकायचे आणि त्या दुकानात वाढल्यामुळे पोरीचं नाक असं तयार झालं होतं, की लेबल गळून पडलेली बाटली लांबून नुसती हुंगून आत काय आहे ते ती सांगायची. आमचे मार्गदर्शक देसाई सर तिच्यावर यासाठी चिडायचे. "आत्तार, एक दिवस हुंगता हुंगता आडवी होशील," म्हणायचे. तिचा विषय होता गुळाचा. उसाचा रस उकळताना त्यातली मळी वर यावी म्हणून गुऱ्हाळावर रानभेंडीची खोडं ठेचून त्यांचा चिकट रस घालतात. तो नेमकं काय करतो, आणि बाजारात मिळणाऱ्या रासायनिक पांढऱ्या पावडरीऐवजी तो वापरला तर गूळ टिकतो का, हे तिला शोधायचं होतं. हंगामात ती करवीर तालुक्यातली गुऱ्हाळं पालथी घालायची आणि संध्याकाळी विभागात यायची तेव्हा तिच्या साडीलासुद्धा काकवीचा वास असायचा. एरवी ती आमच्याशी अस्सल कोल्हापुरीत बोलायची. शुद्ध मराठी फक्त रागावल्यावर. त्यामुळे ती 'आहे' म्हणाली, की आम्ही सावध व्हायचो.

त्या काळी पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांना रोज विभागाच्या मस्टरवर सही करावी लागे. ठरलेल्या रजेपेक्षा जास्त खाडा झाला, की नोंदणी रद्द. नुसती रद्द नाही, तर केलेली सगळी सत्रं बुडाली, पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवा. अपवाद एकच होता, आजारपण. डॉक्टरचा दाखला जोडला, की मुदत वाढवून मिळे. हा नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसावं. त्यांनी नियम लिहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर संशोधक म्हणून पुरुषच उभा होता, एवढंच.

जैतूनचं लग्न हमीदशी झालं, तेव्हा तिचं निम्मं काम उरकलं होतं. हमीद उद्यमनगरात लेथवर होता. अबोल, हसरा माणूस. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. घरी आनंद होता, पण विभागात कुजबुज सुरू झाली. बाळंतपण म्हणजे काही महिन्यांचा खाडा, म्हणजे नोंदणी जाणार. यावर रूढ उपाय सगळ्यांना माहीत होता. दुसऱ्या एका विभागातल्या बाईनं तो मला समजावून सांगितला आणि मी जैतूनला. ओळखीचा डॉक्टर गाठायचा, कावीळ झाली असा दाखला घ्यायचा, आणि बाळंतपण होईपर्यंत 'काविळीच्या रजेवर' राहायचं.

जैतून ब्यूरेट धूत होती. तिनं नळ बंद केला. "मला कावीळ झाल्या?"

"अगं, कागदावर."

"शाले, मी आजारी न्हाय. मला पोर होणार हाय. त्याला कावीळ म्हनू? ते पोर उद्या मोठं झाल्यावर इचारंल की, अम्मी, मी कोन? काय सांगू, तू माझी कावीळ हाईस?"

मी हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज लिहिला, आणि कारण लिहिलं, 'प्रसूती'. देसाई सरांच्या सहीशिवाय अर्ज पुढं जाणार नव्हता. सरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. जुन्या वळणाचे गृहस्थ ते; तो शब्द उच्चारायलाही त्यांना संकोच वाटत होता. "आत्तार," ते म्हणाले, "खोटं लिही असं मी कधी सांगणार नाही. पण खरं तरी कशाला लिहितेस? 'घरगुती कारण' लिही."

"घरगुती कारण नियमात बसत नाही, सर. मी वाचलं आहे."

"मग प्रसूती बसते?"

"तीही नाही बसत. पण ती खरी आहे."

सरांनी सही केली. पुढं कधीतरी त्यांनी मला सांगितलं, की त्या दिवशी तिच्या तोंडून दोनदा 'आहे' ऐकल्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

अर्ज परत आला. 'नियमात तरतूद नाही.' तिनं पुन्हा पाठवला, पुन्हा आला. मग तिनं संशोधन मंडळापुढं आपलं म्हणणं मांडायची परवानगी मागितली, आणि बहुधा कंटाळूनच ती देण्यात आली. सोबत म्हणून मी गेले. तिला आठवा महिना होता. जिना चढताना ती मध्ये थांबली, कठड्याला टेकली. मी म्हटलं, अजूनही परत जाऊ. ती म्हणाली, "एवढं चढून आल्यावर? गप चल." आत लांब टेबलाभोवती सगळे वयस्क प्राध्यापक बसले होते. उकाड्यामुळे दार उघडंच होतं, म्हणून बाहेरच्या बाकावरून मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. तिच्याकडं बघावं की बघू नये हेच त्यांना कळत नव्हतं. मग एकानं तिला खुर्ची दिली. कायदा शिकवणारे एक प्राध्यापक होते, त्यांनी सौम्यपणे विचारलं, "बाई, तुमची अडचण समजते. पण आजवर इतर मुलींची लग्नं झाली, मुलं झाली. हा प्रश्न कधी आमच्यापुढं आला नाही. त्यांनी कसं केलं?"

"काहींनी शिक्षण सोडलं, सर," जैतून म्हणाली. "राहिलेल्यांपैकी कुणाला कावीळ झाली, कुणाला विषमज्वर. आपल्या विद्यापीठात मुली फार आजारी पडतात, असं तुमच्या दप्तरावरून दिसेल."

आत कुणीतरी खोकलं. कायद्याचे प्राध्यापक मात्र मोकळेपणानं हसले, आणि त्यांच्या हसण्यानं मला पहिल्यांदा वाटलं, की हे होईल.

लगेच झालं नाही. मंडळानं विषय पुढं ढकलला, मग एका उपसमितीकडं सोपवला. दरम्यान जैतूनला मुलगी झाली. नाव ठेवलं सना. आणि नियमाप्रमाणे मस्टरमधून जैतूनचं नाव कमी झालं. बाळ थोडं मोठं झाल्यावर ती विभागात परत आली, ती कागदोपत्री कुणीच नसलेली बाई म्हणून. सही करायला तिला जागा नव्हती. सकाळी आम्ही मस्टरपाशी रांग लावायचो, तेव्हा ती सरळ आपल्या टेबलाकडं जायची आणि स्पिरिटचा दिवा लावायची. देसाई सरांनी तिला कधी हटकलं नाही. रसायनं कमी पडली, की आपल्या नावावर मागवायचे.

शेवटी निर्णय आला. प्रसूतीसाठी रजा मंजूर, तेवढा काळ मुदतीत धरायचा नाही, नोंदणी अबाधित. नियमात तसं नवं कलम आलं. आम्ही आनंदानं तो कागद वाचत होतो आणि शेवटच्या ओळीपाशी थांबलो... हे कलम यापुढील प्रसूतींना लागू राहील. यापुढील. म्हणजे जैतूनला नाही. तिची नोंदणी आधीच गेलेली होती, ती परत येणार नव्हती. तिला सगळं पहिल्यापासून करायचं होतं.

त्या दिवशी मात्र ती रडली. भांडारखोलीत, बाटल्यांच्या कपाटाकडं तोंड करून, आवाज न करता. मी मागं उभी होते. थोड्या वेळानं तिनं पदरानं चेहरा पुसला, आणि कपाटाकडंच बघत म्हणाली, "म्हंजे माझ्यामागनं येनाऱ्या पोरी सुटल्या की."

"आणि तू?"

"मी काय, मला सवय हाय. परत नाव घालते. गूळ कुठं पळून चाललाय?"

तिनं खरोखरच पुन्हा नाव नोंदवलं. हमीद म्हणाला, लग्नानंतरचं आडनाव लावायचं का नव्या अर्जात, तर त्याला म्हणाली, "एका अर्जात एकच भांडन." आत्तारच राहिली.

त्या नव्या कलमाचा फायदा घेणारी पहिली मुलगी मी होते. माझं लग्न उशिरा झालं, काम रेंगाळलं होतं, आणि नेमके शेवटच्या टप्प्यात मला दिवस गेले. हे जैतूनला सांगायला माझी जीभ रेटेना. जे तिनं भांडून मिळवलं आणि जे तिलाच मिळालं नाही, ते मला आयतं मिळणार होतं. एक दिवस तिनंच ओळखलं. डबा खाताना मी लोणच्याची फोड तिच्या डब्यातून उचलली, तर म्हणाली, "कवापासनं?" मग तिनं स्वतः कागद आणला, माझ्यापुढं ठेवला आणि समोर बसली. मी लिहिताना 'वैयक्तिक कारणास्तव' असा हात वळवायला लागले, तर तिनं पेन धरलं. "शाले, प्रसूती लिही. नीट लिही, काना-मात्रा खाऊ नको." अर्ज महिना व्हायच्या आत मंजूर होऊन आला, कुणी काही विचारलं नाही. तो मंजूर अर्ज ती सगळ्या विभागभर दाखवत फिरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आत कुठंतरी फार बरं वाटलं.

माझी पदवी तिच्या आधी झाली. तिची तोंडी परीक्षा झाली तेव्हा मी सांगलीला नोकरीला लागले होते, तरी रजा काढून आले. तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही ऐकायला बसू शकतं, असा नियम होता. पण येतं कोण? विभागातली चार टाळकी. जैतूननं तो नियम शब्दशः घेतला. सभागृहात पहिल्या रांगेत तिचे अब्बा बसले होते, इस्त्रीची शेरवानी घालून. त्यांच्या शेजारी अम्मी, मांडीवर सना. मागं हमीद आणि त्याच्या कारखान्यातले दोघं, आणि गुऱ्हाळवाले तीन पावणं, पटके बांधून. सगळ्या हॉलमध्ये हिना दरवळत होता. पुण्याहून आलेले बाहेरचे परीक्षक जरा गोंधळले. देसाई सर त्यांच्याकडं झुकून म्हणाले, "खुली परीक्षा आहे. चालू करू." ती छान बोलली. रानभेंडीच्या रसानं साफ केलेल्या गुळाचा खडा तिनं परीक्षकांपुढं ठेवला आणि त्यांनी तो बघता बघता खाऊनही टाकला. निकाल जाहीर झाला तेव्हा अब्बांना इंग्रजी समजलं नाही. त्यांनी मागं वळून हमीदला विचारलं, "झालं?" हमीद म्हणाला, "झालं." म्हातारा उठला आणि तिथल्या प्रत्येकाच्या मनगटाला अत्तराचं बोट लावत फिरला. परीक्षकांच्यासुद्धा.

पुढं जैतून त्याच विभागात शिकवायला लागली. मी तिच्याकडं वर्षातनं दोनदा तरी जायची. आम्ही म्हाताऱ्या झाल्यावर पन्हाळ्यावर एक खोली घेऊन राहायचं, असं ती म्हणायची. ते राहून गेलं... पण राहून गेलेल्या गोष्टी तिच्या बाबतीत फार थोड्या आहेत, असं आता हिशेब करताना वाटतं.

मागच्या आठवड्यात विभागात तिची शोकसभा झाली. भाषणं चालू असताना मला आत बसवेना, म्हणून बाहेर पडले आणि व्हरांड्याच्या टोकाला जुन्या बॅलन्स रूमपाशी आले. पूर्वी तिथं आम्ही नाजूक तराजूंवर वजनं करायचो. वारा लागू नये म्हणून बंद खिडक्या, हादरा बसू नये म्हणून जाड भिंती. नवे तराजू दुसरीकडं गेले तेव्हा जैतूननं ही खोली विभागप्रमुखांकडून मागून घेतली होती. संशोधन करणाऱ्या मुलींच्या पोरांना झोपवायला यापेक्षा चांगली जागा अख्ख्या विद्यापीठात नाही, एवढंच कारण तिनं दिलं होतं. दार लोटलेलं होतं. आत छताच्या कडीला जुन्या साडीची झोळी टांगली होती आणि एक मुलगी, अंगात पांढरा कोट, हळूहळू दोरी ओढत होती. तिनं मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं.

मी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला रजा मिळाली होती ना?"

"कसली? बाळंतपणाची?" तिला प्रश्नच कळला नाही. "ती मिळतेच की, मॅडम. नियमच आहे तसा."

मग ती जरा घुटमळली. "तुम्ही बसणार आहात का इथं? माझं टायट्रेशन अर्धवट राहिलंय. आत्ताच डोळा लागलाय त्याचा, उठायचा नाही इतक्यात."

मी म्हटलं, "जा तू. मी आहे." तिनं दोरी माझ्या हातात दिली आणि गेली.